आवडीच्या कागदावरची पयली सही

गौतमीताईंचा फोन आला. आवडीबद्दल दोन पानं लिहून द्या, नवीन बॅचला वाचायला देनार. गौतमीताई म्हंजे पुन्याच्या संस्थेतल्या, आवडीला ट्रेनिंग दिलं त्या. मी बोललो, ताई मी चौथी शिकलेला मानूस, म्हशी वळनारा, मला काय लिवता येतंय. त्या बोलल्या, "केरूदादा, बोलता तसं टाइप करा. चुका होऊ देत." म्हनून मोबाईलवर करतोय. उभा राहून करतोय. बसलो की उठावं वाटतं, उठलो की चालावं वाटतं, चाललो की कुठं जायचं ते सुचत नाय. रेंज पन खिंडीतच येते, घरात नाय.

आवडी माझी धाकटी बहीन. बेचाळीस वर्साची होती. श्रावनात गेली, त्याला दोन म्हैने होत आले. आमची वाडी वरंधच्या वर डोंगरात, अकरा घरं, सगळी म्हशी-गुरंवाली. खाली डांबरी रस्त्याला जायचं तर पायवाटेनं एक तास, पावसात दीड.

तिचं लगीन उमरठच्या बाजूला करून दिलं होतं. दोन वर्सांत परत आली. डोंगरातून चालत आली, पायात चप्पल नाय, काखेत एक कोंबडी. मी इचारलं काय झालं गो. तर बोलली, "ही कोंबडी माझी होती ती आनली. बाकीचं त्यांचं त्यांना राहू दे." झालं. त्याच्यावर परत कवा काय बोलली नाय. आनि बाकीच्या गोष्टीवर बोलायची थांबायची नाय. नक्कल तर अशी करायची की पोटात दुखायला लागायचं. एसटीचा कंडक्टर, दवाखान्यातली नर्सबाई, मोरूची लंगडी म्हस पन करून दाखवायची. मोरू म्हंजे आमचा शेजारी. तो स्वताच सांगायचा, "आवडे, माझी म्हस कर ना गो जरा, पावने आलेत."

हे नक्कलचं मुद्दाम सांगतोय, पुढं सगळं त्याच्यावरूनच झालं.

आमच्या वाडीत गावकी हाय. अकरा घरांचे अकरा बाप्ये देवळासमोर बसतात नि भांडनं मिटवतात. बायका बसत नाय. पुढारी गोमाजी मामा, आमच्या आयशीचा सख्खा भाऊ. मी पन बसतो, बा गेल्यापासून. गावकीचं जो ऐकत नाय त्याला वाळीत टाकतात. वाळीत म्हंजे कुनी बोलायचं नाय, लग्नाला-मयताला जायचं नाय, आनि गुरांची पाळी बंद. पाळी म्हंजे रोज एका घरानं सगळ्या वाडीची गुरं रानात न्यायची. वाळीत टाकलं की तुमची गुरं तुमीच वळा, बारा म्हैने. आनि परत यायचं तर नारळ ठेवायचा. घरकर्त्यानं सगळ्यांसमोर देवापुढं नारळ ठेवायचा नि खाली वाकायचं. म्हंजे चुकलो, गावकी बोलेल ते कबूल.

सात वर्सांमागं शर्मिला वयनीला वाळीत टाकली. नवरा वारलेला, एकच पोरगी. गावकीनं त्या पोरीची सोयरीक जमवली होती, पोरगी पंधराची. वयनी बोलली नाय देनार, नि पोरीला महाडला होस्टेलात टाकून आली. गावकी बसली. मामानं इचारलं, कुनाला काय बोलायचंय? मी होतो तिथं. मला वाटत होतं की वयनीचं बरोबर हाय. मी खाली बगून टॉवेलचे धागे पिळत बसलो. कुनीच काय बोललं नाय, नि झालं.

त्या टायमाला आवडीनं काय केलं, आमची पाळी आली की वयनीच्या दोन म्हशी पन गपचूप बरोबर न्यायची. मला कळत होतं. मी तिला पन काय बोललो नाय, गावकीला पन नाय.

मंग वरंधला शाळेत कायद्याचं शिबीर झालं. महाड कोर्टातून वकील आले होते. आवडी सगळ्यात मागं बसलेली. प्रश्न हाय का कुनाचा इचारलं तर हात वर केलान नि सरळ बोलली, "म्हशी वाळीत टाकता येतात का साहेब? मानसाचं समजलं, म्हशींनी काय केलंय?" सगळी हसली. पन त्यातल्या एक वकीलबाई शिबीर संपल्यावर तिच्याशी अर्धा तास बोलत बसल्या. पुढच्या आठवड्यात त्या डोंगर चढून आल्या, शर्मिला वयनीच्या घरात बसून चहा प्यायल्या, मंग मामाकडं पन प्यायल्या. कायदा झालाय, वाळीत टाकनं हा गुन्हा हाय, असं शांतपने सांगून गेल्या. म्हैन्याभरात वयनी परत पाळीत आली. नारळ न ठेवता. तवापासून मामाच्या मनात आवडीबद्दल अढी होती ती होतीच.

आवडीला मंग कोर्टाच्या कमिटीनं स्वयंसेवक केली. गळ्यात ओळखपत्र. म्हस पिळताना पन ते गळ्यात. चिमाबाई, माझी घरवाली, बोलायची, "वन्स, म्हस काय तुमचं कार्ड बगून दूध देनार हाय?" आठवड्यातनं दोन दिवस महाडला जायची. कुनाचं रेशन कार्ड, कुना बाईचं सातबाऱ्यावर नाव लावायचं, कुनाला नोटीस आली ती वाचून दाखवायची. ती नववी शिकलेली. कोर्टाच्या गेटजवळ बसायची, मानसं तिला हुडकत यायची. मी दूध घालायला महाडला गेलो की लोक बोलायचे, तुमी आवडीताईंचे भाऊ ना? मला बरं वाटायचं. तिला सांगितलं नाय कवा.

मधी थांबलो होतो. एक पारडू कड्याकडं गेलं म्हनून आनायला गेलो. पारडू बरं हाय.

गेल्या जानेवारीत पुन्याला दहा दिवसांचं ट्रेनिंग झालं. न्यायाचं काम करनाऱ्या मानसांचं. नुसती आपल्याकडची नाय, नेपाळची, बांगलादेशची, केन्याची पन मानसं. कानात एक यंत्र घालायचं, त्यातनं मराठी ऐकू येतं. आवडी घरी आली नि आठ दिवस दुसरं काय बोलनंच नाय. "दादा, केन्यात पन म्हातारे झाडाखाली बसतात रे! बकऱ्यावरून भांडनं! आनि बायका लांब उभ्या! मला वाटलं आपलीच वाडी काळी झाली." तो केन्याचा मानूस तिला इचारत होता तुमच्याकडं दंडाला बकरी घेतात का बोकड. त्यांचं लय जमलं. एकमेकांची भाषा येत नाय, तरी जेवताना शेजारी बसायचे.

तिथं एक धडा होता ऐकायचा. समोरचा पाच मिनटं बोलनार, आपन तोंड उघडायचं नाय, मान हलवायची फक्त. तो धडा घरी चिमाबाईवर केलान. चिमाबाई पाच मिनटं माझ्याबद्दल बोलली. आवडी नुसती मान हलवतेय. मी बोललो बास करा गो. तर बोलती, "दादा, तू मधी बोललास, आता परत पयल्यापासून."

आनि दुसरा धडा होता, समोरच्याची तक्रार असली तर आपन लिहून द्यायची, वाचून दाखवायची, सही करनार का ते एकदा इचारायचं. एकदाच. ढकलायचं नाय. सही त्याची, घर त्याचं, उद्या त्यालाच तिथं राहायचं हाय. हा धडा ध्यानात ठेवा, पुढं येनार हाय.

आता चूक झाली ती सांगतो. ट्रेनिंगमदी नाटक करायला सांगितलं. गौतमीताईंनी सांगितलेलं की बनवलेली केस घ्या, बनवलेली नावं घ्या. आवडीला बनवता येईना. आमच्याकडं कुनाची गोष्ट सांगायची तर त्याचं नाव घेतात, घर सांगतात, म्हस पन सांगतात. नाव नसलेला मानूस कसा सांगायचा? तिनं शर्मिला वयनीची गावकीच करून दाखवली. खऱ्या नावांनी. डोक्याला मुंडासं बांधून गोमाजी मामा झाली. मामा बोलताना दोन वाक्यांमधी नाक पुसतो, ते केलान. थुंकायला मान वळवतो, ते केलान. सगळा हॉल हसून लोळला.

पोलादपूरकडचा सोनबा म्हनून एक जन त्याच ट्रेनिंगला होता. चांगला मानूस, त्याच्या मनात काय वाईट नव्हतं. त्यानं मोबाईलवर घेतलं नि कौतुकानं ग्रुपवर टाकलं, आपल्या ताई पुन्यात. त्याचे सोयरे आमच्या बाजूला. चार दिवसांत कुनीतरी खिंडीत आला, रेंज आली, फोन वाजला नि आवडी मामाच्या मुंडाशात वाडीत पोचली.

मामानं बगितलं. लोक सांगतात तीनदा बगितलं. नि बोलला, "ते काळे लोक पन हसतात माझ्यावर."

मी पन बगितलं. त्यात एक बारकी गोष्ट होती जी कुनाच्या ध्यानात आली नाय. मामाची नक्कल संपल्यावर तिनं मुंडासं काढलान, टॉवेल खांद्यावर टाकलान, नि बाजूला बसून खाली बगून धागे पिळायला लागली. काय बोलली नाय. नुसती पिळतेय. तो मी. तिथं पन हॉल हसला. कमी, पन हसला.

मी कुनाला सांगितलं नाय की मला ते लागलं. आज पयल्यांदा सांगतोय.

गावकी बसली. आमचं घर वाळीत. आवडीनं नारळ ठेवावा, किंवा मी ठेवावा, तोवर बंद. माघ म्हैना चालू होता.

आवडी त्या दिवशी जेवली नाय. दुसऱ्या दिवशी बोलली, "दादा, मामाची नक्कल केली ती माझी चूक. तिथं सांगितलं होतं नावं घेऊ नका, मी घेतली. पन घर वाळीत टाकलं ती त्यांची चूक. दोन वेगळ्या चुका. दोन वेगळे कागद." आनि खरंच दोन कागद लिवलान. एक माफीचा. तो घेऊन मामाच्या दारात गेली, बाहेर उभी राहून वाचलान. मी लांबून ऐकत होतो. मामा आतून बोलला, "कागद चुलीत घाल. नारळ आन."

"नारळ नाय ठेवनार मामा. माफी मागते, पाया पडते. नारळ ठेवला तर वाळीत टाकलं ते बरोबर होतं असं होईल."

"मंग जा."

"जाते. चहा इचारायची पद्धत होती या घरात."

मामी आतनं हसली, ते पन ऐकू आलं. मामा तिच्यावर ओरडला.

दुसरा कागद तक्रारीचा. पोलिसात द्यायचा. त्यात खाली दोन सह्यांची जागा. दुसऱ्या जागेवर तिनं स्वताची सही केली होती. पयली मोकळी, माझी, घरकर्त्याची. मला वाचून दाखवलान. मंग इचारलान, "सही करनार का दादा?"

मी बोललो सख्खा मामा हाय गो. पोलीस घरात आले तर आयशीच्या नावाला काय लागेल. असंच काय काय बोललो. ते सगळं खोटं नव्हतं. पन खरं कारन ते टॉवेलचं होतं. मला वाटलं, पुन्यात माझं हसं करतेस, आनि आता माझीच सही पायजे?

ती बोलली, "बरं." कागद घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवलान. परत कवा इचारलं नाय. मी वाट बघत होतो की इचारील. एकदा इचारलं असतं तर मी केली असती, असं मला वाटतंय. पन तिला शिकवलं होतं एकदाच इचारायचं. माझ्याशी पन तिनं ट्रेनिंगप्रमानंच केलं. भाऊ म्हनून भांडली असती तर बरं झालं असतं. तिची एकटीची सही चालली असती, हे मला नंतर कळलं. तिनं तसा कागद दिला नाय.

सहा म्हैने तसे गेले. आमची गुरं आमीच वळली. लावनीला कुनी आलं नाय, आमी तिघं नि शर्मिला वयनी. वयनी उघड यायची. मामानं तिला दम दिला तर बोलली, "मला टाका परत. मला सवय हाय." आवडी महाडला जायची ती जातच होती. दुसऱ्यांचे कागद लिवत होती.

श्रावनात तिला ताप आला. दोन दिवस अंगावर काढलान. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे पिवळे, नि उठता येईना. पाऊस धो धो. आमच्याकडं आजारी मानसाला डोलीतून नेतात, म्हंजे बांबूला घोंगडी बांधून. पुढं एक मागं एक, नि बदलायला दोन, तरी दमतात. वाडीत पयल्यापासून पद्धत हाय, डोली बांधली की हाक मारायची नाय, बाप्ये आपोआप येतात. कुनाचं कुनाशी भांडन असलं तरी.

डोली बांधली. कुनी आलं नाय.

मी दारोदार गेलो. मोरू पडवीत उभा होता, छत्री हातात. मी बोललो मोरू, आवडी. तो बोलला, "मामाला इचार, मी लगेच येतो. तू नुसतं इचार." मी मामाच्या दारात गेलो. मामा बोलला, "नारळ ठेव, सगळी वाडी येईल." हे सांगायला आलो तर आवडी डोलीत निजवलेली, तिनं ऐकलान. बोलली, "दादा, येळ घालवू नको. उचल."

पुढं मी. मागं शर्मिला वयनी. वयनी ठेंगनी, डोली मागं घसरायची. चिमाबाई बाजूनं छत्री धरून. आवडी तापात पन गप नाय. "वयनी, तुझ्यापेक्षा मोरूची म्हस बरी चालते गो." वयनी रडत रडत हसत होती, पाय सरकत होते. दोनदा खाली ठेवली. तिसऱ्यांदा ठेवली तवा आवडी बोलायची बंद झालेली.

अर्ध्या वाटेवर मागनं पावलं वाजली. मोरू आनि श्रीपत. श्रीपत म्हंजे गोमाजी मामाचा पोरगा.  श्रीपतनं वयनीच्या खांद्यावरनं बांबू घेतला, मोरूनं माझ्या. मंग डोली पळत सुटली. पन तवर दीड तास गेलेला.

महाडला दवाखान्यात पोचलो. दुपारी तीनला गेली. मी डॉक्टरना दोनदा इचारलं, दोन तास आधी आनली असती तर? डॉक्टर बोलले, "सांगता येत नाही हो." दुसऱ्यांदा पन तेच बोलले. मला तिसऱ्यांदा इचारायचं होतं. अजून इचारायचं हाय.

तिला वर आनली. सगळी वाडी लांब उभी. मामा पुढं आला, डोळे लाल होते त्याचे, मी खोटं नाय सांगनार. बोलला, "केरू, माझ्या बहिनीची लेक हाय ती. खांदा द्यायचाय सगळ्यांना. नारळ ठेव, नि हे संपव."

मी ठेवला.

चिमाबाईनं नारळ आनून दिला, मी देवापुढं ठेवला, वाकलो. लगेच अकरा घरांतली मानसं हालली. कुनी लाकडं, कुनी पानी. तिला खांदे इतके मिळाले की मला जागा मिळंना. जी गोष्ट तिनं सहा म्हैने केली नाय, मरताना पन केली नाय, ती मी तिला बाजूला निजवून पाच मिनटांत केली.

दहाव्याला सगळी आली. जेवली. मामा बोलला, "बरं झालं, घर परत आलं." गुरं पाळीत गेली. मला दिवसभर काम नाय राहिलं. तवापासून बसता येत नाय. खिंडीत जातो, परत येतो, परत जातो. चिमाबाई बोलते, "आता सगळं सुरळीत झालंय तर तुमाला काय झालंय?"

शर्मिला वयनी जेवायला आली नव्हती. मी तिच्या दारात गेलो. इचारलं का आली नाय. गोवऱ्या लावत होती, वर न बगता बोलली, "नारळ तू ठेवलास भावजी. तिनं नाय ठेवला. तुमचं मिटलं, तिचं कुठं मिटलंय?"

मी घरी आलो नि पेटी उघडली. कागद होता तसाच. तिचं अक्षर. दुसऱ्या जागेवर तिची सही, पयली मोकळी. सही करायला मला पेन सापडंना, तिच्याच पिशवीतनं घेतला. सही केली. मंग मागच्या बाजूला मी स्वता लिवलं, मोडकंतोडकं. त्या सकाळी डोलीला कोन आलं नाय ते. मी नारळ ठेवला ते. आनि सात वर्सांमागं शर्मिला वयनीला टाकली तवा मी पन बसलो होतो नि गप होतो, ते.

चिमाबाई लय भांडली. "परत टाकतील. परत एकटे पडू. पूजाच्या लग्नाला कोन येनार?" पूजा आमची पोरगी, माणगावला नर्सिंगला हाय. मी पूजाला फोन केला. ती बोलली, "बाबा, आत्यानं मला हेच सांगितलं असतं का, की लग्नाला मानसं पायजेत म्हनून गप बस?" चिमाबाई माझ्याशी दोन दिवस नाय बोलली.

कागद पाठीमागनं टाकायचा नाय, तोंडावर सांगायचं, हे आवडीचं. म्हनून निघायच्या सकाळी मामाकडं गेलो. मामा ओट्यावर दात घासत होता.

"मामा, महाडला चाललोय. कागद देतोय पोलिसात."

"कसला कागद? नारळ ठेवलास ना तू?"

"ठेवला. तो पन लिवलाय त्यात."

मामा मान वळवून थुंकला. "मला पोलिसात नेनार तू? या वयात?"

"ते मला म्हाईत नाय. मी कागद देनार येवढंच म्हाईत हाय."

"शर्मिलाच्या वक्ताला तू पन बसलेलास. ते सांगशील तिथं?"

"लिवलंय."

त्यानं तोंड धुतलान, टॉवेलानं पुसलान. मंग बोलला, "वाच."

मी वाचला. अडखळत वाचला, मधी दोनदा थांबलो. आत मामी नि श्रीपत उभे होते, बाहेर आले नाय. मामा डोळे मिटून ऐकत होता. गावकीत ऐकतो तसा. संपल्यावर बोलला, "एक चूक हाय. तुमचं घर टाकलं तो सोमवार लिवलाय. गावकी सोमवारी बसत नाय, सोमवारी देवाचं असतं. मंगळवार होता. खोटं नको जायला कागदात."

मी तिथंच उभ्यानं सोमवार खोडला, मंगळवार लिवला, बाजूला सही केली. मामानं बगितलान नि आत गेला. चहा इचारला नाय.

खाली रस्त्याला एसटी मिळाली. शर्मिला वयनी बरोबर होती, तिला मी बोलावलं नव्हतं. महाडला पोलिसातल्या साहेबांनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला. बोलले, "बहिष्कार तर उठलाय ना आता? मग आता तक्रार कशाला?"

मी बोललो, "साहेब, उठला तो नारळ ठेवून उठला. नारळ ठेवायला लागला म्हनूनच आलोय."

"आणि ज्यांनी लिहिलंय त्या कुठे आहेत? सही आहे त्यांची."

वयनी बोलली, "त्या नाय. आमी हाव."

साहेबांनी कागद घेतला. पोच दिली. चौकशीला वाडीवर येनार सांगितलंय. वाडीत सगळ्यांना कळलंय. गावकी अजून बसलेली नाय. मामा दिसला की मी राम राम करतो, तो मान हलवतो, बोलत नाय. पुढं काय होईल ते मला म्हाईत नाय, म्हनून तुमाला पन सांगता येत नाय.

तुमी नवीन बॅचवाले. गौतमीताई नाटक करायला सांगतील तवा नावं खोटी घ्या, ऐका त्यांचं. आवडीनं नाय ऐकलं. पन तिनं खोटं नाव घेतलं असतं तर गप बसलेला मी कसा दिसतो ते मला कवा कळलं नसतं. या दोन्हीतलं काय बरोबर, ते मला सुटत नाय. तुमाला सुटलं तर कळवा. सही करनार का हे एकदाच इचारायचं शिकवतात, ते पन बरोबरच असेल. घरच्या मानसाला मात्र दुसऱ्यांदा इचारा.

खाली डांबरी रस्त्यावर गाडी येताना दिसतेय, पांढरी. साहेबांचीच असेल. खाली उतरायला पायजे, त्यांना पायवाट सापडनार नाय.